चाक बदलले की हवेचा आकडाही बदलतो

गाडीचा चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडला की मधल्या खांबावर, काही गाड्यांत पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस, एक लहानसे स्टिकर दिसते. त्यावर टायरचे माप आणि पुढच्या व मागच्या चाकांसाठी हवेचा दाब छापलेला असतो. बहुतेकजण त्यातला दाबाचा आकडा लक्षात ठेवतात आणि माप विसरतात. वास्तविक हे दोन्ही आकडे एकत्रच वाचायचे असतात, कारण तो दाब त्या गाडीचा नसून त्या गाडीवर बसवलेल्या त्या विशिष्ट मापाच्या टायरचा असतो. स्पोर्ट्स कारला बाजारातील मोठी अलॉय चाके बसवणारा मालक माप बदलतो, पण हवा मात्र जुन्या स्टिकरप्रमाणेच भरत राहतो. चाकांवर लाखभर रुपये खर्च करूनही गाडी पूर्वीपेक्षा असुरक्षित होण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम माप समजून घेऊ. टायरच्या कडेवर २२५/४५ आर १७ असे लिहिलेले असेल, तर २२५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ४५ म्हणजे कडेच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे तो आकडा, आणि १७ म्हणजे रिमचा इंचांतील व्यास. २२५ चे ४५ टक्के म्हणजे १०१.२५ मिलिमीटर, ही भिंत रिमच्या वर आणि खाली अशी दोनदा मोजायची, त्यात १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर मिळवायचे, की संपूर्ण चाकाचा व्यास ६३४.३ मिलिमीटर येतो. आता १८ इंची रिम घ्यायची ठरवली आणि २२५/४० आर १८ टायर निवडला, तर व्यास ६३७.२ मिलिमीटर होतो. फरक अर्ध्या टक्क्याचा, म्हणजे नगण्य. त्याऐवजी रुंद दिसावा म्हणून २३५/४० आर १८ घेतला तर व्यास ६४५.२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १.७ टक्के जास्त होतो. तेवढ्याच प्रमाणात एका फेऱ्यात कापलेले अंतर वाढते, आणि वेगमापकाचा काटा पूर्वीपेक्षा तेवढा कमी वेग दाखवू लागतो. चारही चाकांना इंजिनाची ताकद पोहोचवणाऱ्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या व्यासातले मूळ नाते बिघडले, तर ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या मधल्या क्लच किंवा डिफरन्शियलवर सतत ताण येतो, म्हणून अशा गाड्यांत हे गणित अधिक काटेकोरपणे करावे लागते. काही स्पोर्ट्स कारमध्ये पुढची आणि मागची चाके मुळातच वेगळ्या मापांची असतात. पोर्शे ७१८ च्या एस मॉडेलला १९ इंची चाकांवर पुढे २३५/४० आणि मागे २६५/४० टायर येतात. तेथे पुढचे चाक मागे लावण्याची सवय चालत नाही आणि दोन्ही जोड्यांची निवड एकत्रच करावी लागते.

आता रिमकडे वळू. दुकानदार पहिल्यांदा विचारतो ती पीसीडी, म्हणजे बोल्टची छिद्रे ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. ५ × ११२ याचा अर्थ ११२ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच छिद्रे. ५ × ११४.३ ची रिम ५ × ११२ च्या हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्यावर, जोर लावून बसवता येते असे सांगणारे भेटतात. त्यांना तिथेच थांबवावे, कारण त्या दोन मिलिमीटरच्या फरकामुळे बोल्ट तिरके होतात आणि चाकाचा भार त्यांच्या मानेवर येतो. पण पीसीडी जुळली म्हणजे काम झाले असेही नाही. रिमच्या मधोमध असलेले मोठे भोक, ज्याला सेंटर बोअर म्हणतात, ते हबच्या मधल्या उंचवट्यावर चपखल बसले पाहिजे. स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या ५ × ११२ च्या गाड्यांत हा व्यास ५७.१ मिलिमीटर असतो, तर बीएमडब्ल्यूच्या अलीकडच्या ५ × ११२ च्या गाड्यांत तो ६६.६ मिलिमीटर असतो. म्हणजे बोल्टची छिद्रे हुबेहूब जुळूनही रिम हबवर प्रत्येक बाजूला जवळपास पाच मिलिमीटर सैल राहू शकते.

हे मी स्वानुभवाने शिकलो. माझ्या गाडीला १८ इंची चाके बसवल्यानंतर नाशिकजवळच्या ओझरच्या पुढे ताशी ९० किलोमीटरला स्टिअरिंग थरथरू लागले. दोनदा बॅलन्सिंग करून घेतले, प्रत्येक वेळी यंत्रावर शून्य आले आणि महामार्गावर थरथर तशीच राहिली. तिसऱ्यांदा चाक उतरवून मी स्वतः हबवर नजर टाकली, तेव्हा रिमचे भोक आणि हब यांच्यामध्ये बोट फिरेल एवढी फट दिसली. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक मधल्या शंकूने पकडलेले असते, म्हणून तिथे ते केंद्रावर फिरत होते. गाडीवर मात्र ते केवळ बोल्टच्या भरवशावर, केंद्रापासून किंचित सरकून बसले होते. उपाय साधा असतो: बाहेरचा व्यास रिमच्या भोकाएवढा आणि आतला व्यास हबएवढा अशी रिंग मध्ये घालायची. तयार प्लास्टिकच्या रिंगा मिळतात, पण ब्रेकच्या उष्णतेने त्या मऊ होण्याची शक्यता असल्यामुळे स्पोर्ट्स कारला ॲल्युमिनियमच्या रिंगा अधिक योग्य. या बाबतीत नाशिककर भाग्यवान आहेत. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत काम करणारे लेथ-कारागीर आहेत, आणि व्हर्नियरने घेतलेली दोन अचूक मापे दिली की अशी रिंग ते सहज उतरवून देतात. मात्र रिमचे भोक लहान असेल आणि ते मोठे करून घ्यायचा मोह झाला, तर थांबावे. तिथले धातूचे आवरण किती जाड ठेवायचे हे रिम बनवणाऱ्याने ठरवलेले असते.

यानंतरचा आकडा ऑफसेटचा आहे आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातले अंतर म्हणजे ऑफसेट; रिमवर तो ईटी या अक्षरांनी लिहिलेला असतो. हा आकडा जितका मोठा, तितके चाक गाडीच्या आतल्या बाजूला. जितका लहान, तितके बाहेर. समजा मूळ रिम ७.५ इंच रुंद आणि ईटी ५० आहे, आणि नवी रिम ८.५ इंच रुंद आणि ईटी ४० आहे. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला १२.७ मिलिमीटर वाढले. ऑफसेट १० ने कमी झाल्यामुळे सगळे चाक १० मिलिमीटर बाहेर सरकले. परिणामी बाहेरची कड २२.७ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड २.७ मिलिमीटर सस्पेन्शनच्या दिशेने सरकली. पहिल्या आकड्यावरून टायर मडगार्डला घासेल का हे कळते, दुसऱ्यावरून तो शॉकॲब्सॉर्बरला लागेल का हे कळते. ही तपासणी गाडी सपाट जमिनीवर उभी करून होत नाही; चालक व सहप्रवासी आत बसलेले असताना, स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून आणि शक्य असल्यास एखाद्या तिरक्या उतारावरून सावकाश नेऊन करावी. शिवाय चाक बाहेर गेले की स्टिअरिंगच्या अक्षापासून टायरच्या संपर्काची जागा दूर जाते, आणि खड्ड्यात एक चाक गेले तरी स्टिअरिंग हातातून ओढले जाऊ लागते. स्पोर्ट्स कारचे जे काटेकोर स्टिअरिंग आपण पैसे मोजून घेतलेले असते, ते दिसण्यापायी बिघडवणे मला पटत नाही. पाच-सात मिलिमीटरच्या फरकापर्यंत समाधान मानावे.

रिम कशी बनली आहे तेही पाहावे. साच्यात ओतलेली रिम स्वस्त आणि जड असते, घडवलेली म्हणजे फोर्ज्ड रिम महाग, हलकी आणि चिवट असते, आणि ओतून नंतर कड दाबत फिरवून तयार केलेली फ्लो-फॉर्म्ड रिम या दोहोंच्या मधली. चाकाचे वजन हे सस्पेन्शनच्या खालचे वजन असल्यामुळे तिथे वाचलेला एक किलो रस्त्यावरची पकड आणि ब्रेकिंग या दोन्हींत जाणवतो. म्हणून १७ वरून १८ इंचावर जाताना एकूण वजन वाढत असेल, तर गाडी देखणी होईल पण वेगवान होणार नाही. रिमच्या आतल्या बाजूला तिची भारक्षमता किलोमध्ये कोरलेली असते, आणि जपानी मानकाची जेडब्ल्यूएल ही अक्षरेही अनेकदा असतात. ही अक्षरे कोणीही ओतू शकतो, म्हणून निर्मात्याचे नाव, अनुक्रमांक आणि पक्के बिल यांचा आग्रह धरावा.

कायद्याचा विषय थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा असाच काटेकोर अर्थ लावला. त्यामुळे कंपनीने त्याच मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापांपैकी एक निवडणे, टायर मडगार्डच्या बाहेर येऊ न देणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे, हाच सुरक्षित मार्ग आहे.

चाक प्रत्यक्ष बसवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. चाकाचा भार बोल्ट उचलत नाहीत. बोल्टने रिम हबवर इतकी घट्ट दाबलेली असते की दोन पृष्ठभागांतले घर्षण भार पेलते. म्हणूनच हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून टाकावा लागतो आणि रिमच्या टेकणाऱ्या भागावर रंगाचे पोपडे नसावेत. बोल्टच्या डोक्याची बैठकही जुळली पाहिजे. काहींची शंकूसारखी असते, काहींची गोलाकार. पोर्शे आणि फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बैठक गोलाकार असते, तर बाजारातील अनेक रिमची शंकूची. एकाचा बोल्ट दुसऱ्यात घातला तर तो एका बारीक वर्तुळावर टेकतो, घट्ट झाल्याचा भास होतो, आणि काही किलोमीटरमध्ये सैल होतो. बोल्ट आधी हाताने फिरवावेत, मग ताऱ्याच्या क्रमाने म्हणजे एक सोडून पुढचा असे आवळावेत, आणि शेवटचे आवळणे चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क रेंचने करावे. पोर्शे ७१८ साठी हा आकडा १६० न्यूटन-मीटर आहे. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. हवेच्या गनने एका दमात आवळण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण ती गन किती जोर लावते हे कोणालाच माहीत नसते. नव्या रिमचा धातू आणि रंग थोडे दबतात, म्हणून ५० ते १०० किलोमीटर चालवल्यानंतर थंड चाकावर पुन्हा रेंच लावावा.

आता हवेकडे येऊ, आणि येथे पहिल्या परिच्छेदातला मुद्दा पुन्हा उचलतो. भार टायरचे रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. टायरची भिंत बुटकी झाली की हवेची जागा कमी होते, आणि तेवढाच भार पेलायला दाब जास्त लागतो. २२५/४५ आर १७ या टायरवर भाराचा निर्देशांक बहुधा ९१ असतो, म्हणजे ६१५ किलो. २२५/४० आर १८ वर तो ९२ असतो, म्हणजे ६३० किलो, आणि सोबत एक्सएल (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जादा भाराचा टायर) ही अक्षरे असतात. वाचणाऱ्याला वाटते की नवा टायर जास्त मजबूत आहे. पण साधा टायर आपला पूर्ण भार २.५ बार म्हणजे सुमारे ३६ पीएसआयला पेलतो, तर एक्सएल टायर आपला पूर्ण भार २.९ बार म्हणजे सुमारे ४२ पीएसआयला पेलतो. समान दाबाला नवा टायर जुन्यापेक्षा कमी भार पेलतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की, स्टिकरवर ३३ पीएसआय लिहिले असेल आणि मालकाने या मापाची अदलाबदल केली असेल, तर त्याला साधारण ३ ते ४ पीएसआय अधिक हवा लागेल. नेमका आकडा टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यात असतो, आणि चांगल्या टायर विक्रेत्याकडे तो मागावा. टायरच्या भिंतीवर छापलेला कमाल दाब हा मात्र भरायचा आकडा नव्हे. ती ओलांडू नये अशी मर्यादा आहे.

हा दाब थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना मोजलेला. नाशिकमध्ये 'थंड' या शब्दालाही ऋतूनुसार वेगवेगळा अर्थ आहे. निफाडच्या द्राक्षपट्ट्यात जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या बराच खाली जातो आणि एप्रिल-मेच्या दुपारी शहरात ४० अंशांपर्यंत चढतो. हवेचा दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो, आणि या दाबाच्या आसपास दर १० अंशांना सुमारे दीड पीएसआय असा हिशेब बसतो. एखाद्याने मे महिन्यातल्या ४० अंशांत ३३ पीएसआय भरले आणि पुढे लक्ष दिले नाही, तर हवा अजिबात गळाली नाही असे धरले तरी जानेवारीच्या १० अंशांत तोच टायर २८ ते २९ पीएसआयवर आलेला असतो. उंच भिंतीचा टायर हे काही काळ सहन करतो. ९० मिलिमीटर उंचीच्या भिंतीला त्र्यंबकेश्वर रस्त्यावरचा एक खड्डा पुरतो, आणि भिंतीतले धागे तुटून बाहेर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही.

आपल्या शहराच्या उंचीचाही येथे संबंध आहे. टायरमधला दाब मोजणारा गेज आतल्या आणि बाहेरच्या हवेतला फरक दाखवतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्यामुळे येथे बाहेरच्या हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळपास १ पीएसआयने कमी असतो. मुंबईत भरलेले ३३ पीएसआय कसारा घाट चढून आल्यावर, तापमान तेवढेच राहिले तर, ३४ दिसतात. हिवाळ्यात मात्र मुंबईच्या २५ अंशांतून नाशिकच्या १० अंशांत आल्यावर तापमानामुळे साधारण अडीच पीएसआय उतरतात आणि शेवटी दाब ३१-३२ वर येतो. म्हणून मुंबईहून नवी चाके बसवून आणलेल्या गाडीची हवा दुसऱ्या दिवशी सकाळी घरीच तपासावी. त्यासाठी स्वतःचा एक चांगला गेज घ्यावा, कारण पेट्रोल पंपावरच्या यंत्रांत दोन-तीन पीएसआयचा फरक आढळणे नेहमीचे आहे, आणि आपण वर जो सगळा हिशेब केला तो तेवढ्याच फरकाचा आहे.

नायट्रोजनबद्दल नेहमी विचारले जाते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापमानाबरोबर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा सावकाश गळतो, हा त्याचा खरा फायदा. तो भरला म्हणून महिन्याची तपासणी टाळता येत नाही.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून सलग तासभर ताशी १२० किलोमीटरने जाणे नाशिककरांच्या रोजच्या आवाक्यात आले आहे, आणि कमी हवेचा खरा धोका अशा ठिकाणी असतो. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, दबण्यातून उष्णता निर्माण होते, आणि सलग वेगात ती बाहेर पडायला वेळ मिळत नाही. टायर फुटण्याचे मूळ बहुधा या उष्णतेत असते. याउलट, वाटेत थांबून गेज लावला आणि ३३ च्या जागी ३८ दिसले, तर हवा काढू नये. गरम टायरमध्ये चार-पाच पीएसआय वाढणे अपेक्षितच असते. ते काढून टाकले तर टायर थंड झाल्यावर हवा कमी भरते. डॅशबोर्डवरच्या कमी हवेच्या दिव्यावरही विसंबू नये, कारण तो साधारणतः २० ते २५ टक्के दाब उतरल्यानंतर लागतो. शिवाय नव्या रिममध्ये जुने सेन्सर हलवले नसतील किंवा प्रणाली रीसेट केली नसेल, तर तो दिवा दाबाची खरी खबर देत नाही.

तक्त्यातला आकडा हा आरंभबिंदू समजावा आणि शेवटचा निर्णय टायरकडून घ्यावा. दोन हजार किलोमीटर चालवल्यानंतर नक्षीची खोली आतल्या कडेला, मध्यभागी आणि बाहेरच्या कडेला मोजावी. मध्यभाग जास्त झिजला असेल तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा सारख्याच जास्त झिजल्या असतील तर ती कमी आहे. अशा वेळी एका पीएसआयने बदल करावा आणि पुन्हा तेवढेच अंतर चालवून पाहावे, मात्र टायर कंपनीच्या तक्त्यातल्या किमान दाबाच्या खाली जाऊ नये. फक्त आतलीच कड झिजत असेल तर हवेला हात लावू नये. स्पोर्ट्स कारची चाके वरच्या बाजूने आत झुकलेली असतात, नव्या ऑफसेटने आणि खड्ड्यांनी ती मापे आणखी हलतात, आणि ती झीज अलाइनमेंटच्या यंत्रावरच दुरुस्त होते.